निबंधातली आई

जून सरत आला की अलिबागहून मुरूडकडे जाणाऱ्या एसटीच्या गाड्यांत नव्या वह्यांचा वास दरवळू लागतो. बारावीचा उंबरठा ओलांडून महाविद्यालयाच्या प्रथम वर्षात दाखल झालेली मुले-मुली ओल्या छत्र्या पायांशी ठेवून, दप्तर उराशी धरून बसलेली असतात. कुणी कोळीवाड्यातून आलेले, कुणी आगरी वाडीवरून, कुणी डोंगरपायथ्याच्या कातकरी वस्तीवरून, तर कुणी आपल्या धर्मग्रामातून. या मुलांना मराठी लेखन शिकविण्याचे काम आम्ही रायगडच्या या किनाऱ्यावर बरीच वर्षे केले. आता वह्या तपासण्याचे दिवस संपले आहेत. परंतु तपासलेली एक वही मात्र अजून मनातून मिटत नाही. त्या वहीविषयी, आणि तिच्या निमित्ताने आपण मुलांना लिहावयास काय सांगतो याविषयी, चार शब्द येथे लिहावेत असे वाटले.

प्रथम वर्षाच्या वर्गात पहिल्या आठवड्यात एक निबंध लिहून घ्यावयाचा, हा आमचा रिवाज होता. मुलांची तयारी कितपत आहे हे त्यावरून कळते, अशी आमची समजूत. विषयही ठरलेले असत. 'माझी आई', 'पावसाळ्यातील एक दिवस', 'वृत्तपत्रे बंद पडली तर', 'फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त'. चर्चेच्या तासाला 'विज्ञान शाप की वरदान' आणि 'ग्रामीण जीवन श्रेष्ठ की शहरी' हे दोन घोडे वर्षानुवर्षे धावत. आम्ही विद्यार्थी असताना हेच विषय आम्हांला मिळाले होते, आणि आम्ही ते जसेच्या तसे पुढच्या पिढीच्या हाती दिले. वारसा म्हणून काही द्यावयाचे तर ते एकदा उघडून पाहावे, हे आमच्या मनात कधी आले नाही.

रेवदंड्याचा पूल होऊन काही वर्षे लोटली होती. त्या वर्षी कोर्लईची एक कॅथोलिक मुलगी वर्गात होती. शेवटून दुसऱ्या बाकावर बसणारी, हजेरीला 'उपस्थित' एवढाच शब्द उच्चारणारी. 'माझी आई' या विषयावर तिने साडेतीन पाने लिहिली. अक्षर मोत्यासारखे, शुद्धलेखन निर्दोष. तिच्या निबंधातली आई पहाटे उठत होती, सडा-रांगोळी करीत होती, न्हाऊन तुळशीवृंदावनाला पाणी घालीत होती आणि जात्यावर बसून ओव्या गात होती. आम्ही त्या निबंधाला वर्गातील सर्वाधिक गुण दिले. एवढ्यावर न थांबता तो साऱ्या वर्गापुढे मोठ्याने वाचून दाखविला आणि 'असे लिहावे' असा शेराही मारला. मुलगी खाली मान घालून बसली होती. आम्ही ती विनयशीलता समजलो.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, १६ जुलैला, माऊंट कार्मेलच्या मातेचा सण आला. कोर्लईच्या चर्चमध्ये मिस्सासाठी आम्ही गेलो होतो. मिस्सा आटोपल्यावर पाऊस कोसळू लागला, आणि त्या मुलीने संकोचत आम्हांला घरी बोलाविले. कौलारू, शेणाने सारवलेले, दोन खणांचे घर. भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर, तिच्यापुढे मिणमिणता दिवा, खुंटीला जपमाळ. अंगणात तुळशीवृंदावन नव्हते. घरात जाते नव्हते. आई वाडीत भाजी पिकवी आणि टोपली डोक्यावर घेऊन रेवदंड्याच्या बाजारात विकी. तिने चहा पुढे ठेवला आणि कौतुकाने विचारले, "सर, माझ्या लेकीने माझ्यावर लिहिलं, ते तुम्ही सगळ्यांना वाचून दाखवलंत म्हणे. काय लिहिलंय हो तिने? मला सांगतच नाही."

आमच्या हातातला कप हातातच राहिला. मुलगी दारात पाठमोरी उभी राहून पाऊस पाहत होती. आम्ही काहीतरी पुटपुटलो. 'फार छान लिहिले आहे' असे म्हणालो असू. त्या माउलीने पदराने डोळे पुसले. आपण या घरात बसून खोटे बोललो, ही जाणीव परतीच्या एसटीत आमच्याबरोबर बसून आली.

दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर आम्ही त्या मुलीला थांबविले आणि शक्य तितक्या मऊ आवाजात विचारले, "तुळस कुठून आणलीस?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सर, निबंधातली आई तशीच असते ना?"

आणि आणखी थोड्या वेळाने, "माझी आई मराठीत बोलत नाही. ती जे बोलते ते मी लिहिणार कसं?"

ज्यांनी कोर्लई पाहिलेली नाही त्यांच्यासाठी हे थोडे उलगडून सांगावयास हवे. कुंडलिकेच्या मुखाशी, एका तीरावर रेवदंडा आणि दुसऱ्या तीरावर कोर्लईचा डोंगर. सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीज चौलला आले. १५९४ साली त्यांनी निजामशाहीकडून कोर्लईचा डोंगर घेतला, आणि १७४० साली चौल व कोर्लई मराठ्यांच्या ताब्यात गेली. पोर्तुगीज निघून गेले, पण पायथ्याच्या वाडीत त्यांच्या भाषेपासून घडलेली एक बोली मागे उरली. गावकरी तिला 'नॉ लिंग' म्हणतात. म्हणजे 'आमची भाषा'. शब्द बहुतांशी पोर्तुगीज कुळीचे, पण शतकानुशतकांच्या शेजारामुळे वाक्याची ठेवण मराठीसारखी. क्रियापद शेवटी येते. इंडियाना विद्यापीठाचे प्राध्यापक क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी या बोलीचा अभ्यास करून १९९६ साली त्यावर संपूर्ण ग्रंथ प्रसिद्ध केला. बोलणारी माणसे हजाराच्या आसपास. खाडीवर पूल होईतो रेवदंड्याला जावयाचे तर होडीचाच आधार होता, आणि त्या एकाकीपणानेच ही बोली जपली. शाळेत मराठी, चर्चमध्ये मराठी, बाजारात मराठी. घरात मात्र नॉ लिंग. आमच्या विद्यार्थिनीने शाळेची सारी वर्षे मराठीत काढली होती. ती उत्तम मराठी लिहीत होती. फक्त त्या मराठीत तिच्या आईला जागा सापडत नव्हती. म्हणून तिने दुसऱ्याच कुणाची तरी आई आणून बसविली.

आमचा अपराध याहून मोठा होता. आम्ही स्वतः ख्रिस्ती. आमच्या आईनेही कधी तुळशीची पूजा केली नाही. ज्यांच्या घरी ती होते, त्यांच्या आयांविषयी आम्हांला आदरच आहे. पण एका कॅथोलिक मुलीच्या वहीत ते वाचताना आम्हांला काहीच खटकू नये? खटकले नाही, कारण आम्ही वाचतच नव्हतो. आम्ही ऱ्हस्व-दीर्घ तपासत होतो. मागाहून आम्ही त्या वर्षाचे सारे निबंध पुन्हा काढून पाहिले. कोळ्यांच्या मुलाची आई, कातकऱ्याच्या मुलाची आई, मुसलमान मुलीची आई, सगळ्या आया पहाटे उठून सडा घालीत होत्या. चाळीस वह्यांत मिळून आई एकच होती, आणि ती गाईडमधून आली होती.

तेव्हा आम्हांला संत ऑगस्टीनची आठवण झाली. सुमारे ३९७ ते ४०० या काळात लिहिलेल्या आपल्या आत्मनिवेदनाच्या पहिल्याच भागात त्यांनी शाळेतील एका स्वाध्यायाची हकीकत सांगितली आहे. ट्रॉयच्या राजाला इटलीपासून रोखता येत नाही म्हणून संतापलेल्या, दुखावलेल्या ज्युनो देवतेचे भाषण मुलांनी आपल्या गद्यात रचून म्हणून दाखवावयाचे होते. ज्याच्या भाषणात राग आणि दुःख अधिक हुबेहूब उतरेल, त्याला शाबासकी. ऑगस्टीनला टाळ्या मिळाल्या. पुढे मोठेपणी त्यांनी स्वतःला विचारले, की हे सारे धूर आणि वारा नव्हते काय? माझ्या बुद्धीला आणि जिभेला सराव करावयास दुसरे काहीच नव्हते काय? हेच ऑगस्टीन पुढे कार्थेज, रोम आणि मिलान येथे वक्तृत्वशास्त्राचे शिक्षक झाले. मुलांना असेच स्वाध्याय देऊ लागले. ३८७ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि त्यानंतर दहाएक वर्षांनी त्यांनी जे पुस्तक लिहिले त्यात ज्युनो नाही. त्यात त्यांची स्वतःची आई मोनिका आहे, तिचे अश्रू आहेत, तिचे मरणही आहे. शाळेने शिकविलेली सारी कला त्यात वापरलेली आहे. कला वाया गेली नाही. तिला उशिरा का होईना, खरा विषय मिळाला.

आमच्या विद्यार्थिनीचा खरा विषय तर तिच्या घरात बसून आम्हांला चहा देत होता.

दुसरी आठवण झाली ती येशूसंघीय धर्मगुरूंच्या शिक्षणपद्धतीची. १५९९ साली त्यांनी आपल्या शाळांसाठी एक नियमावली सिद्ध केली. तिच्यात लेखनाच्या सरावाला आणि विद्यार्थ्यांच्या आपसांतील वादचर्चेला मोठे स्थान आहे. त्यात एक लहानसा नियम आहे : विद्यार्थ्याचे लेखन शक्यतो त्याच्याशी एकट्याने, हळू आवाजात बोलून तपासावे, तोवर इतरांनी लिहीत राहावे. चारशे वर्षांपूर्वी कुणा अनुभवी शिक्षकाला कळले होते, की मुलाचे लेखन ही नाजूक वस्तू आहे. आम्ही दोष तर चारचौघांत काढीत होतोच, पण स्तुतीही चारचौघांत करून त्या मुलीची कोंडी केली होती. ज्या खोटेपणाची तिला लाज वाटत होती, त्यालाच आम्ही बक्षीस दिले.

त्या वर्षीच्या दुसऱ्या सत्रापासून आम्ही स्वाध्याय बदलले. फार मोठी क्रांती केली असे नव्हे. अभ्यासक्रम विद्यापीठाचा होता, परीक्षाही त्याचीच. पण वर्गात काय लिहून घ्यावयाचे, एवढे शिक्षकाच्या हाती असते.

पहिला स्वाध्याय असा दिला : तुमच्या घरात रोज बोलले जाणारे एक वाक्य, जसे बोलले जाते तसेच देवनागरीत लिहा. त्याखाली त्याचा अर्थ प्रमाण मराठीत लिहा. मग एक पान भरून हे सांगा, की मराठीत आणताना काय मागे राहिले.

दुसरा स्वाध्याय आमच्या किनाऱ्यानेच दिला. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी चौलच्या बंदरात उतरला. त्याने आपल्या प्रवासाची टिपणे लिहिली. रेवदंड्यात त्याचे स्मारक आहे. इथली माणसे उघडी वावरतात, केसांची एक वेणी घालतात, आणि मी जाईन तिकडे या गोऱ्या माणसाकडे नवलाने पाहत मागे येतात, असे तो लिहितो. आम्ही मुलांना सांगितले : त्याने तुमचे वर्णन केले, आता त्याच्या मागून चालणाऱ्या त्या गर्दीतले तुम्ही एक आहात, असे समजून त्याचे वर्णन करा. मुलांना या निकितीनविषयी आणखी एक गोष्ट सांगितली, तेव्हा मागच्या बाकावरची मान वर झाली. टिपणे रशियन भाषेत आहेत. पण देवाची आळवणी करताना त्या एकाकी ख्रिस्ती प्रवाशाच्या लेखणीतून तुर्की, फारसी, अरबी शब्दांची मिसळण उतरते. परमुलखात त्याच्या काळजाची भाषा सरमिसळ झाली होती, आणि ती त्याने पुसली नाही.

चर्चेसाठी विषय ठेवला : 'प्रमाण मराठीत लिहावयाचे म्हणजे घरची बोली सोडावयाची काय?' 'शाप की वरदान' वाल्या चर्चेत जी मुले पाठ केलेली वाक्ये फेकीत, ती आता अडखळू लागली. हे अडखळणे आम्हांला आवडले. एक कोळ्याचा मुलगा उठून म्हणाला, की बोलीचे कौतुक तुम्ही करा, पण बँकेत कर्जाचा अर्ज माझ्या बोलीत लिहिला तर साहेब हसेल. त्याचे म्हणणे खरे होते, आणि ते आम्ही फळ्यावर लिहिले. एक मुलगी म्हणाली, की मामाच्या गावी गेल्यावर मी पुस्तकासारखी बोलते म्हणून तिथली मुलेही हसतात. तेही फळ्यावर लिहिले. तास संपला तेव्हा निर्णय झाला नव्हता. मुले मात्र बाहेर पायऱ्यांवर उभी राहून बोलत होती.

प्रमाण भाषेविषयी आमच्या मनात किंतु नाही. ती सर्वांची सामाईक पडवी आहे. तिथे नाना घरांतली माणसे भेटतात, म्हणून ती स्वच्छ आणि सुबक ठेवलीच पाहिजे. ऱ्हस्व-दीर्घ आम्ही पुढेही तपासले. पण पडवीत बसावयास येणाऱ्याने आपले घर मोडून यावे, अशी अट आम्ही नकळत घातली होती. ती काढून टाकणे आवश्यक होते.

कोर्लईच्या त्या मुलीने पहिल्या स्वाध्यायासाठी आईचे एक वाक्य लिहिले. ते वाक्य तिच्या भाषेत आम्ही येथे देत नाही. ते तिचे आहे. अर्थ एवढाच, की 'दार ओढून घे, पण कडी लावू नकोस.' रोज रात्री, जपमाळ संपल्यावर, आई हे बोलत असे. थोरला भाऊ बोटीवर कामाला होता. त्याच्या येण्याचा नेम नसे. मुलीने लिहिले होते, की मराठीत हे वाक्य हुकमासारखे वाटते. आईच्या तोंडी ते जपमाळेचा शेवटचा मणी वाटतो. पान जेमतेम भरले होते. दोन ठिकाणी खाडाखोड, एक ऱ्हस्व चुकलेला. आम्ही तिला बाजूला बोलावून हळू आवाजात तो ऱ्हस्व दाखविला, आणि हे वर्गात वाचू का, असे विचारले. ती नको म्हणाली. आम्ही वाचले नाही.

आज हे सारे का आठवावे? कारण काळ बदलला तरी निबंधातली ती आई अजून जिवंत आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये 'चॅट-जीपीटी' आले, आणि आता खिशातल्या मोबाईलला विषय सांगितला की क्षणात साडेतीन पाने हजर होतात. शुद्धलेखन निर्दोष, आई पहाटे उठलेली. गाईड निदान विकत आणावे लागे. शिक्षक मंडळी मुलांवर रागावतात, पण राग थोडा आपल्यावरही काढावा. ज्या प्रश्नाचे उत्तर कुणीही देऊ शकेल, ते यंत्रही देणारच. आईचे रोजचे वाक्य मात्र यंत्राला ठाऊक नाही. २०२४-२५ पासून राज्यातील महाविद्यालयांत नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या आरंभीच भाषिक क्षमतेच्या अभ्यासाला स्थान मिळाले आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला. हे आनंदाचेच आहे. त्या तासांना मुलांपुढे कोणता विषय ठेवला जातो, यावर मात्र पुष्कळ काही अवलंबून राहील.

आणि हे केवळ शिक्षकांचे काम नाही. आपल्या धर्मग्रामांतील किती घरांत मुलांना पाहुण्यांपुढे घरची बोली बोलू दिली जात नाही! मुले हसण्यावारी जातील, मागे पडतील, ही भीती आईबापांना वाटते. ती भीती पोकळ नाही. प्रमुख याजकाच्या वाड्यातील अंगणात शेकोटीशी बसलेल्या पेत्राला लोकांनी त्याच्या बोलीवरूनच ओळखले होते, आणि ओळखले गेल्याच्या धास्तीने त्याने आपल्या प्रभूला नाकारले. पण पेत्राची कथा तिथे थांबत नाही. पन्नासाव्या दिवशी पवित्र आत्म्याने भरलेला तोच पेत्र जेरुसलेमेत उभा राहिला, आणि जमलेले लोक नवल करू लागले, की हे बोलणारे सगळे गालीलीच ना? मग आम्हांला आपापल्या भाषेत कसे ऐकू येते? आत्मा आला म्हणून गालीलीपण पुसले गेले नाही. लोकांना ते ऐकू येतच होते. ज्या बोलीची एका रात्री लाज वाटली, तिच्यासकट पेत्र उभा राहिला.

त्या मुलीची एक गोष्ट सांगावयाची राहिली. तो स्वाध्याय परत दिल्यावर काही दिवसांनी ती स्वतःहून आमच्याकडे आली. म्हणाली, "सर, ते पान मी आईला वाचून दाखवलं. मराठीत नाही, आमच्या भाषेत सांगत सांगत."

"मग? काय म्हणाली आई?"

"आईने एक चूक काढली," ती म्हणाली, आणि त्या वर्षात प्रथमच आम्ही तिला मोकळेपणाने हसताना पाहिले. "ती म्हणाली, मी हे दादासाठी बोलत नाही. दादा जन्मायच्या आधीपासून बोलते. माझी आई बोलायची म्हणून मी बोलते. कडी का लावायची नाही, ते तिलाही ठाऊक नव्हतं."

आम्ही तिची वही पुन्हा मागून घेतली. आमच्या तांबड्या शाईत चुकलेला ऱ्हस्व दुरुस्त केलेला होता. त्याच्या खाली, समासात, मुलीने पेन्सिलीने आईची दुरुस्ती लिहून घेतली होती.